शुभ्रांक एकाहत्तर

सोनपिंपरी औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत झाडांची पानं धुण्याचं काम नियमानुसार चालत असे. नागपूरच्या उत्तरेला वीज करणारी जी केंद्रं लोकांना माहीत आहेत, त्यांतलं हे नव्हे. ना कोराडी, ना खापरखेडा. याचा पत्ता फक्त या गोष्टीत आहे. तर पानं धुण्याची रीत देखभाल पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेली होती. पाहणी समिती येणार असेल त्याच्या आदल्या दिवशी, सकाळी सहा ते अकरा. रस्त्याकडची पानं आधी, मागची वेळ उरल्यास. आतल्या गल्ल्यांतली झाडं तोंडी आदेशाशिवाय धुवू नयेत.

उरलेलं वर्षभर पानांवर राख बसायची. तिसऱ्या वीजनिर्मिती संचाचं राख अडवणारं यंत्र दोन वर्षांपासून दुरुस्तीच्या विचाराधीन होतं. विचार चालू असल्यामुळे यंत्र बंद होतं.

माया गजभिये याच केंद्राच्या प्रयोगशाळेत वरिष्ठ रसायनज्ञ होती. कोळसा जाळून किती राख उरते हे ती एकतीस वर्षं मोजत आली होती. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. ती मोजकं बोलायची, आणि बोलली तर दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत बोलायची.

तिच्या डी-१४ क्वार्टरसमोर दहा फूट बाय चार फुटांची बाग होती. त्या जागेत आधी गुलाब मेला, मग मोगरा, मग जास्वंद. नळ दिवसाआड चाळीस मिनिटं यायचा आणि मे महिन्यात पाण्यावर पहिला हक्क कूलरचा असायचा. शेवटी सक्करदऱ्याला बहिणीकडे गेली असताना तलावाजवळच्या मुरुमाच्या ढिगावर तिला कापूरमाधुरी नावाचं रानटी झुडूप दिसलं. शेळ्यासुद्धा वळसा घालून जात होत्या, पण झाड टवटवीत होतं. चार रोपं तिनं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. पंधरा दिवस पाणी घातलं आणि नंतर विसरून गेली. झाडाला राग आला नाही. सेहेचाळीस अंशांच्या उन्हात ते गुडघाभर वाढलं, पसरलं, आणि त्याची बारीक पानं चांदीचा मुलामा दिल्यासारखी रुपेरी दिसू लागली. कार्यालयातून येताना माया एक पान बोटांत धरून बघायची. जुन्या फ्लॅनेलसारखं मऊ लागायचं. दिवसातली तिची चैन एवढीच.

त्या वर्षीच्या मे महिन्यात डी-१५ मधल्या कांताबाईंनी गच्चीवर गव्हाच्या कुरड्या घातल्या. संध्याकाळी काढल्या तेव्हा त्या नाचणीच्या दिसत होत्या. कुरड्यांचं एक वेळ चाललं असतं, पण कांताबाईंची छाती दोन वर्षांपासून शिटी वाजवत होती. त्यांना उशीला टेकून बसल्याशिवाय झोप लागत नव्हती. मायानं तक्रारअर्ज लिहिला, एक्केचाळीस सह्या जमवल्या, आणि मागणी एकच केली: तिसऱ्या संचाचं यंत्र दुरुस्त करा. पावसाळा संपल्यावर, सहा महिन्यांनी उत्तर आलं. तीन सदस्यांची समिती गुरुवारी पाहणीला येणार होती.

म्हणून बुधवारी सकाळी सहा वाजता उद्यान पर्यवेक्षक महादेवराव पाईप घेऊन निघाले. साडेनऊला ते मायाच्या दारात उभे होते.

"ताई, तुमच्या झाडाची राख निघून नाही राहिली."

"ती राख नाही, महादेवराव. ती लव आहे."

"तीन खेपा पाणी मारलं. मंग साबणाचं मारलं. मंग मी सोता ब्रश घेतला. पान फाटलं जी, पण पांढरं ते पांढरंच."

"पानावर बारीक केस असतात. ऊन परतवतात आणि पानातलं पाणी उडू देत नाहीत. म्हणून ते रुपेरी दिसतं."

महादेवरावांनी झाडाकडे पाहिलं, मग मायाकडे. "एकोणतीस वर्षं झाले मी पानं धुवून राहिलो. केसवालं झाड नाही पाहिलं. बरं, केस असन, तं मंग पिकले काहून?"

महादेवरावांनी कामाच्या वहीत नोंद केली: 'डी-१४. राख पक्की. धुवून निघत नाही.'

ही नोंद दहा वाजता श्रीधर उमाठे साहेबांच्या टेबलावर पोचली. साहेब उपमुख्य अधिकारी होते. खातं पर्यावरण, उद्यान व प्रतिमा. कामाचा बराचसा वेळ तिसऱ्या विषयात जाई. त्यांनी लगेच ज्ञापन काढलं. डी-१४ समोरील संशयास्पद वनस्पती चोवीस तासांत उपटावी अथवा हिरव्या जाळीने झाकावी, जेणेकरून समितीचा गैरसमज, किंवा समज, होणार नाही.

मायाला उपटणं मान्य नव्हतं. तिनं दुपारच्या सुट्टीत सात मुद्द्यांचं उत्तर लिहिलं आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या पानाचं छायाचित्र जोडलं. झाड देशी आहे, बहुवर्षायू आहे, दुष्काळ सोसणारं आहे. चौथा मुद्दा असा होता: 'सदर झाडाच्या पानांचा रुपेरी रंग नैसर्गिक असून तो राख साचल्याचे लक्षण नाही.' तिनं हे वाक्य दोनदा वाचलं. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. तिनं खाली सही केली, पदनाम लिहिलं आणि प्रयोगशाळेचा शिक्का मारला.

उमाठे साहेबांनी पहिले तीन मुद्दे कपाळाला आठ्या घालून वाचले. चौथ्यावर आठ्या गेल्या. त्यांनी मायाला बोलावून खुर्ची दिली, जे एकतीस वर्षांत प्रथमच घडत होतं.

"म्हणजे पान रुपेरी असू शकतं, आणि तरी त्यावर राख नसते."

"या झाडाच्या बाबतीत."

"या झाडाच्या तर या झाडाच्या. तत्त्व सिद्ध झालं ना, मॅडम? आपण इतकी वर्षं पाणी फुकट घालवलं."

अकरा वाजता संपायचं धुणं त्या दिवशी लांबलं होतं. ते दुपारी अडीचला मध्येच थांबवण्यात आलं. समितीला शास्त्रीय तयारीसाठी आठ दिवस थांबायची विनंती गेली, ती तिनं आनंदानं मानली. शुक्रवारपासून झाडांवर पाट्या चढू लागल्या. 'रुपेरी कडुनिंब. देशी, दुष्काळ सोसणारा.' 'रुपेरी आंबा.' 'रुपेरी बोगनवेल.' सायकल स्टँडचा पत्रासुद्धा रुपेरी झाला होता, पण ते झाड नाही हे वेळीच लक्षात आलं. अडचण फक्त मुख्य रस्त्याच्या उजव्या बाजूची होती, कारण ती बुधवारी धुऊन झाली होती आणि लाज आणण्याइतकी हिरवी दिसत होती. तिथं 'अपरिपक्व' अशा पाट्या लावल्या. पाचव्या दिवशी ती झाडं परिपक्व झाली आणि पाट्या काढून घेतल्या.

सोमवारी परिपत्रक निघालं. पानांवरील रुपेरी आवरण हे झाडांचं उन्हापासून संरक्षण करत असल्याचं शास्त्रीयदृष्ट्या निष्पन्न झालं आहे (संदर्भ: वरिष्ठ रसायनज्ञ श्रीमती गजभिये यांचे पत्र, मुद्दा ४), सबब ते पुसणं, झटकणं अथवा धुणं यास मनाई आहे.

मंगळवारी कांताबाई हातात कागद घेऊन कुंपणाशी आल्या.

"माया वं, तू कोणाकडून हायेस?"

"का? काय झालं?"

"तुळशीले पाणी घालतानी पानं पुसली तं नोटीस देल्ली मले. आवरण काढलं म्हणे. खाली तुह्यं नाव लिवलं हाय. आज तुळस पुसली तं नोटीस, उद्या मी तोंड धुतलं तं?" एवढं बोलून त्यांना खोकला आला. तो संपेपर्यंत माया कुंपणाची तार धरून उभी राहिली.

"गुरुवारी समितीसमोर मी बोलते. पुसून दाखवते त्यांना. दोन मिनिटांचं काम आहे."

"मंग पांढरा रुमाल घेजो. रंगीत घेशीन तं म्हणतीन, रंग गेला."

मायानं पांढरा रुमाल घेतला.

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष वयस्क, मृदू आवाजाचे होते आणि त्यांच्या गळ्यात शुभ्रतामापक नावाचं छोटं यंत्र होतं. पानावर टेकवलं की त्याचा शुभ्रांक, म्हणजे पान किती पांढरं आहे ते, आकड्यात सांगायचं. आकड्यांचं यंत्र पाहून मायाला बरं वाटलं. आकडे बोलणारा माणूस समोर असला की तिला आपल्या गावचा भेटल्यासारखं वाटे.

तिनं रुमाल ओला केला आणि सगळ्यांदेखत 'रुपेरी कडुनिंबा'चं एक पान पुसलं. पान हिरवंगार झालं, रुमाल करडा झाला.

अध्यक्षांनी रुमाल उलटसुलट पाहिला. "आधी स्वच्छ असल्याची नोंद आहे का?"

"नाही."

"असो. आपण डोळ्यांवर कशाला विसंबायचं? मोजू. पण मोजायला मानक लागतं. ज्याच्यावर राख अजिबात नाही, असं कोणी प्रमाणित केलेलं रुपेरी पान इथं आहे?"

उमाठे साहेब या प्रश्नाची आठ दिवस वाट पाहत असावेत. सगळी मंडळी डी-१४ समोर आली. कापूरमाधुरीच्या पानावर यंत्र टेकवलं. एकाहत्तर. मग कडुनिंब: अठ्ठेचाळीस. आंबा: बावन्न. कांताबाईंची तुळस: नऊ.

अध्यक्षांनी पाटी नसलेली तुळस वगळून वजाबाकी केली. "वसाहतीतल्या झाडांवर राखेचं प्रमाण नैसर्गिक पातळीपेक्षा सरासरी एकवीस अंकांनी कमी आहे."

"सर, ते झाडच वेगळं आहे," माया म्हणाली. "त्याची लव त्याच्या अंगची आहे. कडुनिंबाचं पान मुळात हिरवं असतं. या दोघांची तुलना होत नाही."

"मॅडम, तुम्ही स्वतः रसायनज्ञ आहात. नमुना कशाशी ताडून पाहायचा असतो?"

"मानकाशी."

"आणि मानक कोणी प्रमाणित केलंय?"

हे दोन प्रश्न मायानं एकतीस वर्षं नव्या मुलामुलींना विचारले होते, याच सुरात. त्यांची उत्तरं तिला पाठ होती.

कांताबाई पुढं सरकल्या. "सायेब, म्हंजे माह्या तुळशीवर राख कमी पडली का?"

"बासष्ट अंकांनी," अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले. "गंभीर न्यूनता आहे. काळजी घ्या."

अहवाल पंधरा दिवसांत आला. तिसऱ्या संचाच्या यंत्राची दुरुस्ती अनावश्यक ठरवून विचार थांबवण्यात आला होता. वसाहत नैसर्गिक पातळी गाठेपर्यंत केंद्रास आणखी एकवीस अंकांची मुभा होती. कापूरमाधुरीला 'मानक झाड क्रमांक एक' असा दर्जा मिळाला.

माया उमाठे साहेबांकडे गेली. या वेळी खुर्ची मिळाली नाही.

"मानक रद्द करायचं आहे."

"सोपं आहे. ज्यानं प्रमाणित केलं त्यानं लिहून द्यायचं, की तो रंग राखेचाच आहे."

"तो राखेचा नाही."

"मग मानक बरोबर आहे."

"झाड बरोबर आहे. मानक चूक आहे."

साहेबांनी ते वाक्य छापलेला नमुना अर्ज तिच्यासमोर सरकवला आणि दाखवून दिलं, की असा रकाना नाही. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि खोटं प्रमाणपत्र दिलं म्हणून चौकशी लागेल, ती वेगळी. सात महिने राहिले तुमचे. कशाला?"

मायानं अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला. खोटं वाक्य लिहायला तिचा हात वळेना. चौकशीची भीती होतीच, पण त्याहून जुनी सवय आड येत होती. भिंतीपलीकडून कांताबाईंचा खोकला ऐकू यायचा. दहा मिनिटांत चौदा वेळा. ती मोजत नव्हती, ते आपोआप मोजलं जायचं.

त्या आठवड्यात मानक झाडाला संरक्षण मिळालं. भोवती लोखंडी कठडा आला, सुरक्षारक्षक आला आणि नळाची स्वतंत्र जोडणी आली. वसाहतीत पाणी दिवसाआड येत होतं. मानक झाडाला सकाळ-संध्याकाळ येऊ लागलं. महादेवराव स्वतः पाईप धरायचे, फक्त पाणी मुळाशी, पान न ओलावता, कारण पान धुण्यास मनाई होती.

"तुम्ही कधी पाणी नाही घातलं ताई, म्हणून ते तसं खुरटं रायलं," ते म्हणाले. "आता पाहा कसं होते ते."

कसं होणार हे मायाला ठाऊक होतं. मुरुमात वाढणारं झाड. रोज पाणी मिळालं तर नवी पानं कमी लवेची, हिरवट येतात, आणि मग मूळ कुजतं. शुभ्रांक साठवर येईल, पन्नासवर येईल, चाळीसवर येईल. मानक खाली गेलं की वसाहतीतली राख आपोआप जास्त ठरेल. तिला काहीच लिहावं लागणार नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. हातानं लावलेलं झाड सरकारी मायेनं बुडताना ती रोज कार्यालयात जाता-येता पाहत राहिली. पान बोटांत धरायची सोय उरली नव्हती; कठड्याला हात लावला की रक्षक शिटी वाजवायचा.

सहाव्या आठवड्यात झाड आडवं झालं. मानकाची फेरतपासणी होती, म्हणून अध्यक्ष यंत्र घेऊन आले. आकडा आला त्र्याऐंशी.

माया हिशेब चुकली होती. झाड तिच्या अंदाजाप्रमाणेच हिरवट होऊन मेलं होतं, पण दरम्यान सहा आठवडे त्याच्यावर कोणी फुंकरसुद्धा घातली नव्हती, आणि मुभा मिळालेला तिसरा संच जोरात चालू होता. वाळक्या काड्यांवर पांढऱ्या राखेचा बोटभर थर बसला होता.

"झाड मेलंय," माया म्हणाली.

"मानकाला जिवंत असण्याची अट नाही," अध्यक्ष म्हणाले. "उलट स्थिर राहतं." त्यांनी मर्यादा त्र्याऐंशीवर नेली.

मायानं तिथंच पर्स उघडली. घडी घातलेला अर्ज काढला, कठड्यावर टेकवला आणि 'तो रंग राखेचाच आहे' या वाक्याखाली सही केली. आता ते वाक्य खरं होतं. दशांश चिन्हानंतर कितीही अंकांपर्यंत खरं होतं.

उमाठे साहेबांनी अर्ज नाकारला नाही. नियमानं चालणारा माणूस होता तो. मानक रद्द होऊ शकतं, ते म्हणाले. मात्र ही राख वीज ग्राहकांच्या सेवेत निर्माण होत असल्यामुळे किमान एका ग्राहकाची तिच्याबद्दल लेखी हरकत लागेल. वसाहतीतल्यांची चालणार नाही, त्यांना वीज सवलतीत मिळते. नागपूरच्या वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देण्यात आली: 'या केंद्राची वीज वापरणाऱ्या ग्राहकास राखेबाबत हरकत असल्यास त्याने तीस दिवसांत साध्या कागदावर कळवावे. सूचना वाचूनही न कळवणाऱ्याची संमती गृहीत धरण्यात येईल.'

माया रोज साडेपाचला आवक विभागात जाऊ लागली. टपाल भरपूर येत होतं. धरमपेठेतून, मनीषनगरातून, प्रतापनगरातून. सूचनेसोबत मानक झाडाचं जुनं, जिवंतपणीचं छायाचित्र छापलं होतं, ते लोकांना फार आवडलं होतं. रोपं कुठं मिळतील? बाल्कनीत येतील का? घरात दोन एसी आहेत, बाहेर गरम हवा फेकतात, तिथं टिकेल असं काही हवं होतं. पाणी घालायला आम्हाला वेळ नसतो. दोनशे बारा पत्रं आली. एका शिक्षिकेनं तर शाळेसाठी चाळीस रोपं मागवली आणि खाली पर्यावरणावर चार ओळी लिहिल्या.

"आली का वं एखांदी?" कांताबाई रोज कुंपणाशी विचारायच्या. आता एका दमात एवढंच वाक्य बसत होतं.

"नाही अजून."

"लोकायले सांग," श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "फुकट हाय म्हणावं. हरकत."

तिसाव्या दिवशी माया चारलाच गेली. आवक विभागातल्या बाईंनी त्या दिवसाचा गठ्ठा तिच्यासमोर एकेक करून उघडला. सात पत्रं, सातही रोपांसाठी. साडेपाचला वही बंद झाली, आणि हरकतींच्या रकान्यात शून्य लिहून संमतीच्या रकान्यात सूचना वाचलेल्या सर्वांची संख्या घेण्यात आली.

सूचना वर शब्दशः दिली आहे. ती आपण आत्ताच वाचलीत, याची नोंद झाली आहे.